हॉलमधला निळा दिवा

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. गुन्ह्याचं कलम आठवतं, आरोपीचा चेहरा आठवत नाही. कधी त्याच्या उलट होतं. पण त्या दुपारी ठाण्यात आलेले दोन फोन अजून जसेच्या तसे कानात आहेत.

मी तेव्हा लोणावळ्यात पोलीस निरीक्षक होतो. तिथल्या कामाचे दोन हंगाम असतात आणि ते दर आठवड्याला बदलतात. शनिवार-रविवारी गर्दी, वाहतूक कोंडी, धरणावरची हुल्लड, बंगल्यांतल्या पार्ट्यांच्या तक्रारी. सोमवार उजाडला की बंगल्यांच्या वसाहती ओस पडतात. फाटकांना कुलपं, खिडक्यांना पडदे, मधूनच एखादा माळी नाहीतर राखणदार. अशा वसाहतीत वर्षभर राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यातली बहुतेक म्हातारी.

गणपती नुकतेच गेले होते. मी माझ्या खोलीत जुन्या प्रकरणांचे कागद बघत बसलो होतो. बाहेर इतकं धुकं होतं की ठाण्याच्या पायऱ्यांवरून रस्ता दिसत नव्हता. ठाणे अंमलदार दारात येऊन म्हणाले, "साहेब, एक विचित्र फोन आलाय. कोणीतरी म्हणतोय, तुंगार्लीच्या वरच्या अंगाला एका बंगल्यात बाई पडल्यात."

"कोणी केला फोन?"

"नाव विचारलं तर ठेवून दिला. पण पत्ता नीट सांगितला."

त्यांनी फोनवरचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले होते. "म्हाताऱ्या हायेत, एकट्याच ऱ्हातात. हॉलमधी पडल्यात, कॉटच्या आन् टेबलाच्या मधी. दार आतनं बंद हाय. जरा लवकर जावा."

खोटे फोन आम्हाला नवे नव्हते. पण खोटा फोन करणारा माणूस मोठं काहीतरी सांगतो. खून सांगेल, दरोडा सांगेल. कॉट आणि टेबल यांच्यामधली जागा तो सांगत नाही. मी उठलो, आमच्या महिला हवालदारांना बरोबर घेतलं आणि गाडी काढायला सांगितली.

धुक्यात आम्ही चुकीच्या गल्लीत शिरलो. गाडी मागे घेत असतानाच वायरलेसवर ठाणे अंमलदारांचा आवाज आला. "साहेब, तोच परत बोलला. म्हणतो, अजून कोनच आलं न्हाई, गाडी कुटं ऱ्हायली? रडवेला झालाय."

मी हवालदार बाईंकडे पाहिलं. त्यांच्याही मनात तेच आलं असणार. आम्ही पोहोचलो नाही हे त्याला कळलं म्हणजे तो जवळपास उभा आहे.

बंगला सापडला तेव्हा फाटकाशी कोणी नव्हतं. आजूबाजूचे सगळे बंगले बंद. पुढचं दार आतून लावलेलं, पडदे ओढलेले. मागचं स्वयंपाकघराचं दार आम्ही खांद्याने उघडलं. हॉलमध्ये कॉट आणि टेबल यांच्यामध्ये, डाव्या कुशीवर, पांढऱ्या केसांच्या एक बाई पडलेल्या होत्या. शुद्धीवर होत्या, पण ओठ सुकून गेले होते. हवालदार बाई खाली बसल्या आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"काकू, आम्ही पोलीस आहोत. घाबरू नका."

त्यांनी डोळे उघडले. "आलात?" एवढंच म्हणाल्या. मग पाणी मागितलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळी चहा करून हॉलमध्ये येताना पाय गालिच्यात अडकला, त्या पडल्या आणि तेव्हापासून तशाच होत्या. मोबाईल स्वयंपाकघराच्या ओट्यावर. ती रात्र तशीच निघाली असती तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

काकूंची थोडी माहिती सांगायला हवी. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तरुणपणी एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. फोन जोडायला मुलींची रांग बसायची, तेव्हाच्या. यजमान गेल्यावर त्या या बंगल्यात एकट्या राहत होत्या. मुलगा परदेशात. दर रविवारी आईचा चेहरा दिसावा म्हणून त्याने हॉलमध्ये एक संगणक बसवून दिला होता, वर छोटा कॅमेरा. रविवारी बोलणं व्हायचं. बाकीचे दिवस काकू त्यावर जुनी गाणी ऐकायच्या आणि शब्दकोडी सोडवायच्या.

मुलाचा फोन आला. घाबरलेला होता. आईची चौकशी झाल्यावर लगेच म्हणाला, "साहेब, तुम्ही त्या माळ्याकडे बघा. त्याच्याशिवाय तिकडे कोणी जात नाही. त्यानेच काहीतरी केलं असेल आणि मग घाबरून फोन केला असेल."

शंका चुकीची नव्हती. घरात शिरलेला माणूस, झटापट, पडलेली बाई आणि नंतर उपरती होऊन केलेला निनावी फोन, अशी प्रकरणं मी पाहिली होती. माळी लोहगडवाडीचा, पन्नाशीचा. त्याला बोलावलं. हात जोडून उभा राहिला.

"साहेब, मी आठवड्यातनं एकदा येतो. गवत काढतो, झाडं छाटतो. काकू खिडकीतनं च्या देत्यात. आत कदी पाऊल टाकलं न्हाई."

"कधीच नाही?"

"न्हाई साहेब. देवाशपत."

शपथेवर माझा कधी भरवसा नव्हता. मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणालो, "हॉलचं चित्र काढ. कॉट कुठे, टेबल कुठे, दार कुठे." त्याने बराच विचार करून कॉट खिडकीखाली काढली आणि टेबल काढलंच नाही. खरी कॉट समोरच्या भिंतीला होती. मुद्दाम चुकीचं काढणारा माणूस आधी तुमच्याकडे बघतो. हा कागदाकडेच बघत होता. त्याला घरी पाठवलं.

दोन-तीन दिवसांनी काकूंचा जबाब घेतला. त्या स्पष्ट म्हणाल्या, "मला कोणी ढकललं नाही. घरात कोणी नव्हतं. माझीच चूक."

गुन्हाच घडला नव्हता. ठाण्यात सगळे म्हणत होते, फोन करणाऱ्याला शोधून काढू, शाल-श्रीफळ देऊ. त्याचे आभार मला मानायचेच होते. पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा होता. धुक्यात, ओढलेल्या पडद्यांमागे, बंद दाराच्या आत तुला दिसलं कसं?

ठाण्याच्या फोनवर आलेल्या कॉलचा तपशील मागवला. दोन्ही कॉल एकाच मोबाईलवरून होते. सिमकार्ड वडिवळ्याच्या एका बाईच्या नावावर. आणि कॉलच्या वेळी तो मोबाईल लोणावळ्यात नव्हताच. तो कामशेतच्या पलीकडे, वडिवळ्याच्या बाजूला होता. मी तो कागद दोनदा वाचला. मधे कार्ले, मधे सगळा महामार्ग, आणि तिकडे बसलेल्या माणसाला आम्ही अजून पोहोचलो नाही हे कळत होतं.

हवालदार बाईंना घेऊन मी पुन्हा बंगल्यावर गेलो. कुलूप काढलं. हॉल तसाच होता, गालिच्याची दुमडही तशीच. काकू जिथे पडल्या होत्या तिथे मी उभा राहिलो आणि चारी बाजूंना नजर फिरवली. खिडकीतून आत दिसणं शक्य नव्हतं. भिंतीवर यजमानांचा फोटो. त्याच्याखाली टेबलावर संगणक. पडदा काळा, पण यंत्राची बारीक घरघर चालू होती. गडबडीत आम्ही कोणी ते बंद केलं नव्हतं.

मी बघत असतानाच वरच्या कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला.

मी हललो नाही. हवालदार बाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर गणवेश होता. दिवा पटकन विझला.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "कोणीतरी बघायला आलं होतं."

काकू घरी आल्या का, हे बघायला. तेव्हा मला ते कळलं नाही, नंतर कळलं.

कशालाही हात न लावता मी जिल्ह्याच्या सायबर शाखेला फोन केला. तिथल्या उपनिरीक्षक दुसऱ्या दिवशी आल्या. पंचांसमक्ष काम करताना त्या मला साध्या भाषेत समजावून सांगत होत्या. इंटरनेटच्या डबीचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. त्या भागातल्या सगळ्या डब्यांना तोच. ती डबी बाहेरून उघडण्याची सोय चालू ठेवलेली. संगणकाला पासवर्डच नाही, कारण आईला लक्षात ठेवायला त्रास नको. विषाणू पकडणारा प्रोग्रॅम फुकटचा होता, त्याची मुदत कधीच संपली होती. तो रोज तशी सूचना देत होता आणि काकू ती रोज बंद करत होत्या. आणि या सगळ्याच्या खाली एक प्रोग्रॅम लपून बसला होता. संगणक चालू झाला की तो आपोआप चालू व्हायचा, आणि त्यातून बाहेरचा माणूस कॅमेरा आणि माईक उघडू शकायचा.

"हे बाहेरच्या देशातून आलेलं आहे का?" मी विचारलं.

"नाही सर. हे समोर बसून टाकलेलं आहे. ज्याने कनेक्शन जोडून दिलं त्याने."

कनेक्शन देणाऱ्या स्थानिक केबलवाल्याकडे चौकशी केली. त्या वसाहतीत जोडणीचं काम करणारा माणूस वडिवळ्याचा होता. खांबावरून पडून पाय अधू झाल्यावर काम सोडून गावी गेला होता. सिमकार्ड ज्या बाईच्या नावावर होतं ती त्याची आई. ती वारली होती.

आम्ही वडिवळ्याला गेलो. भात पोटरीला आलं होतं. घर गावाच्या कडेला, धरणाच्या अंगाला. चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस लंगडत दारात आला. गाडी पाहून त्याने काही विचारलं नाही. आत गेला, शर्ट बदलून आला.

"काकू बऱ्या हायेत का?" हे त्याचं पहिलं वाक्य.

ठाण्यात मी त्याला समोर बसवलं. चौकशीची एक पद्धत असते. आधी घरचं विचारायचं, शेतीचं विचारायचं, माणूस सैल झाला की मुद्द्यावर यायचं. त्याच्या बाबतीत त्याची गरज पडली नाही. तो बोलायला आसुसलेला होता. आपलं कोणी ऐकतंय याचंच त्याला अप्रूप वाटत असावं.

"प्रोग्रॅम का टाकलास?"

"आधी कामासाटीच टाकलावता साहेब. कुनाचं नेट बंद पडलं की एवढ्या लांब जायाला लागायचं. घरनंच बघता यावं म्हनून समद्यांच्या मशीनीत टाकला. मालकालाबी ठावं नव्हतं."

"काम सोडल्यावर काढला का नाहीस?"

त्याने अधू पायावरून हात फिरवला. मी थांबलो. उत्तर यायचं असेल तर अशा वेळी आपण बोलायचं नसतं.

"पाय गेला. बायको माहेरी गेली ती आलीच न्हाई. मग आई गेली. थोरला भाऊ तळेगावला, दिवाळीला येतो. दिवसभर घरात एकटा. मशीन व्हतं. सहज एकदा बघितलं, जुनं कनेक्शन लागतंय का. लागलं."

"किती घरं बघितलीस?"

"लय बघितली. पर साहेब, बाकीच्या बंगल्यांत मशीन चालू ठिवून लोक जायचे, कोनच नसायचं. नुसत्या खुर्च्या. पांघरून घातलेले सोफे. लाईट बंद. एकच घर असं व्हतं जितं मानूस व्हतं."

काकू दुपारी हॉलमध्ये जेवायला बसायच्या. हाही ताट घेऊन संगणकासमोर बसायचा. काकू यजमानांच्या फोटोशी बोलायच्या. आज भाजीत मीठ जास्त झालं, आज गुडघा दुखतोय, मुलगा रविवारी घाईत होता. फोटो संगणकाच्या मागच्या भिंतीवर. त्यामुळे बोलताना त्यांचा चेहरा नेमका कॅमेऱ्याकडे असायचा.

"मला वाटायचं, माज्याशीच बोलत्यात," तो म्हणाला.

"कपडे बदलताना बघितलंस?"

"न्हाई साहेब. त्या कॉटकडं गेल्या की मी बंद करायचो."

"हे मी खरं कसं मानायचं?"

"माजं मशीन बघा," तो म्हणाला. संगणक त्याने स्वतःहून आणून दिला. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात साठवलेली कसलीही चित्रं सापडली नाहीत. पण सापडली नाहीत, एवढंच मी म्हणू शकतो.

मग मी त्या दिवसाबद्दल विचारलं. काकू सकाळी पडल्या हे त्याने पाहिलं होतं. फोन दुपारी आला होता.

"सकाळी का नाही केलास?"

तो मान खाली घालून रडायला लागला. "वाटलं, उठतील. मग वाटलं, कोन तरी येईल. दूधवाला येईल, माळी येईल, शेजारचं कोन तरी येईल. कोनच आलं न्हाई साहेब. फोन केला तर मी सापडनार हे ठावं व्हतं. जेवनाची वेळ टळली, तरी त्या उठल्या न्हाईत. मग मला राहवलं न्हाई."

मी माझ्या नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांच्यावर राग धरता येतो, आणि राग धरला की काम सोपं होतं. या माणसाने एका बाईच्या घरात महिनोन् महिने चोरून डोळा लावला होता. ती जमिनीवर तळमळत असताना तो स्वतःला वाचवायचं की तिला, याचा विचार करत बसला होता. आणि ती जगली ती त्याच्याचमुळे. हे सगळं एकाच माणसाचं होतं आणि तो समोर बाकावर बसून नाक पुसत होता.

आता काकूंना सांगणं भाग होतं. त्यांच्या तक्रारीशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नव्हतं. त्या तेव्हा रुग्णालयातून नुकत्याच घरी आल्या होत्या. हवालदार बाईंनी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. मी दारापाशी उभा होतो.

काकू ऐकत होत्या. त्यांचा एक हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"बरेच महिने, काकू."

"मी फोटोशी बोलायचे ते?"

हवालदार बाईंनी मान डोलावली.

मग काकू म्हणाल्या, "तो निळा दिवा लागायचा तेव्हा मला वाटायचं, मशीन जागं आहे. घरात आपल्याशिवाय काहीतरी जागं आहे. बरं वाटायचं मला." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी म्हणालो, "काकू, गुन्हा नोंदवायचा की नाही, हे तुम्ही सावकाश ठरवा. त्याने फोन केला नसता तर..."

"मला कळतं ते." त्यांचा आवाज एकदम करडा झाला. "साहेब, मी एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं. सगळ्या गावाची लाईन आमच्या हातात असायची. नवरा-बायकोची भांडणं, मयताच्या बातम्या, सगळं कानावर पडायचं. पण फोन जोडला की आपला कान काढून घ्यायचा, हा नियम होता. कितीही एकटं वाटलं तरी. रात्रपाळीला आम्हालाही एकटं वाटायचं. तुम्ही तक्रार लिहून घ्या. आणि त्याने फोन करून मला वाचवलं, तेही त्यात लिहा. दोन्ही लिहा."

तसंच लिहिलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. या कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, म्हणून तो माझ्याकडेच राहिला. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. सगळा पुरावा त्या दोन यंत्रांतून काढावा लागला. त्यात वेळ गेला.

सायबर शाखेच्या उपनिरीक्षकांनी काकूंचं घर नीट करून दिलं. डबीचा पासवर्ड बदलला, बाहेरून उघडायची सोय बंद केली, पुराव्याची प्रत आधीच काढून घेतलेला संगणक पुसून नव्याने भरला, त्याला पासवर्ड दिला आणि काकूंना तो तोंडपाठ करायला लावला. कॅमेऱ्यावर सरकवायची झाकणी बसवली. नको असलेलं काही सुरू होत नाही ना, हे कसं बघायचं, सूचना आली की ती वाचायची, नुसती बंद करायची नाही, हे सगळं शिकवलं. काकूंनी मन लावून शिकून घेतलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "आता कोणीच बघत नाही ना?"

"नाही काकू. आता कोणीच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि झाकणी लावलेल्या त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. आम्ही निघालो तेव्हाही तशाच बसल्या होत्या.

खटला उभा राहिला तेव्हा काकू वॉकर घेऊन साक्षीला आल्या. मुलगा येऊ शकला नव्हता. हवालदार बाई त्यांना आमच्या गाडीतून घेऊन आल्या होत्या. काकूंनी साक्ष नीट दिली, जराही न अडखळता. आरोपीच्या वकिलाने फोनचा मुद्दा काढला तेव्हा त्यांनीच सांगितलं, "होय, त्यानेच मला वाचवलं." वकिलाला पुढे विचारायला काही उरलं नाही.

साक्ष संपल्यावर आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात आलो. तो तिथे भिंतीला टेकून उभा होता. जामिनावर होता. काकूंना पाहून सरळ झाला. त्याने त्यांना रोज पाहिलं होतं. तो कनेक्शन जोडायला आला होता, त्यानंतर त्या त्याला पहिल्यांदाच जवळून पाहत होत्या. मी पुढे होणार होतो, पण काकूंनी वॉकर त्याच्यासमोर नेऊन थांबवला.

"मी पडल्यावर हाका मारत होते, त्या तुला ऐकू येत होत्या?"

"व्हय."

"त्या मशीनमधून तुला बोलताही आलं असतं ना?"

"आलं असतं."

"मग का नाही बोललास?"

"तुमी घाबरल्या असत्या, काकू. घरात कोन नसताना आवाज आला असता तर."

"मी घाबरलेलीच होते," काकू म्हणाल्या. "सकाळपासून घाबरलेली होते. कोणाचाही आवाज चालला असता मला."

तो खाली बसला, तिथेच फरशीवर. काकूंनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि वॉकर वळवला.

पुढे त्याला शिक्षा झाली. फार मोठी नव्हती. ती भोगून तो वडिवळ्याला परत गेला एवढं मला माहीत आहे.

निवृत्तीनंतर मी आता तळेगावात राहतो. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात कधी कधी बोलायला बोलावतात. तिथे मी सांगतो की नवीन यंत्र घरात आलं की त्याच्याबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. बसवून देणारा ओळखीचा असला तरी बदला. मुलाने सगळं करून दिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. लोक ऐकतात, प्रश्न विचारतात. हे शिकवणं सोपं आहे.

पण या प्रकरणाने मला जे शिकवलं ते भाषणात बसत नाही. तपासात आम्ही पहिल्यांदा साक्षीदार शोधतो. कोणी पाहिलं, कोणी ऐकलं? इथे रस्ता होता, शेजार होता, मुलगा होता, आम्ही पोलीस होतो, आणि त्या बाईचं पडणं पाहणारा एकच माणूस निघाला. तो आरोपी होता. त्याला मी न्यायालयात उभं केलं आणि ते बरोबरच होतं, याबद्दल मला शंका नाही. तो गेल्यावर रिकामी झालेली जागा भरण्याचं कलम मात्र माझ्याकडे नव्हतं.

साक्षीच्या दिवशी परतताना काकू गाडीच्या खिडकीबाहेर बघत होत्या. कामशेत गेलं. कार्ल्याच्या फाट्याजवळ आल्यावर त्यांनी चालकाच्या खांद्याला हात लावला.

"इथे कुठेतरी चहा मिळतो का? थांबूया जरा. घरी गेल्यावर एकटीलाच घ्यायचाय."

आम्ही थांबलो. रस्त्याच्या कडेच्या टपरीवर काकू, हवालदार बाई, चालक आणि मी असे चौघे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. समोरून महामार्गावरच्या गाड्या जात होत्या. काकूंनी पहिला चहा संपवला आणि दुसरा मागवला. मला ठाण्यात काम होतं. मीही दुसरा मागवला.